नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना एक ठरावीक वाक्यरचना परिचयाची असेल. ‘हे खरे आहे काय’ येथून प्रश्नाचा आरंभ होतो आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ येथे त्याचा शेवट. मंत्रिमहोदयांचे उत्तरही तितकेच साचेबद्ध असते : ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. सामान्य वाचकाला हा शब्दांचा कोरडा खेळ वाटतो. परंतु या रूक्ष ओळींमागे संसदीय लोकशाहीचे मर्म दडलेले आहे. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याला भर सभागृहात जाब विचारण्याचा हा अधिकार आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळात जमाखर्च तपासणाऱ्या अमात्याला स्थान होते. हिशेब मागणे हा राजद्रोह नसून राज्यसेवाच आहे, ही जाण या मातीला नवी नाही.

हा अधिकार मात्र सर्वांना एकाच वेळी लाभला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९२ च्या कायद्याने विधिमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा दिली. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावरील भाषणात सरकारच्या शिलकी आकड्यांचीच चिरफाड केली आणि शिल्लक वाढते म्हणजे प्रजा सुखी होते असे नव्हे, हे परकीय सत्तेला तिच्याच आकडेवारीने दाखवून दिले. त्या काळी निलंगा तालुका निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. तेथे रयतेला जबाबदार असे विधिमंडळच नव्हते, मग प्रश्न कोण कोणाला विचारणार? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५२ च्या निवडणुकीने येथील माणसाच्या हाती मतपत्रिका आली. जो अधिकार एवढ्या उशिरा आणि रक्त सांडून मिळाला, त्याचा वापर काटेकोरपणे व्हावा, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. १९८६ च्या मार्चमध्ये तर निलंगेकरांनी सोडलेली खुर्ची शंकररावांकडे गेली. म्हणजे राज्याचे सर्वोच्च पद या पट्ट्यातून या पट्ट्यातच आले. सत्तेचे सान्निध्य एवढे असूनही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. विकासाचा अनुशेष मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर काढला होता. त्यानंतर १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, एप्रिल २०२० अखेर मंडळांची मुदत संपली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. समित्या आल्या, मुख्यमंत्री आले, तरी प्रश्न उभाच राहिला. याचा अर्थ उघड आहे. सत्ता जवळ असणे निराळे आणि सत्तेकडून हिशेब घेणे निराळे.

हिशेब घेण्याची साधने काही कमी नाहीत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना आहे. खर्चाच्या मागणीवर कपात सूचना देता येते. मंत्र्याने दिलेला शब्द हवेत विरू नये म्हणून आश्वासन समिती आहे, तर झालेल्या खर्चाची झाडाझडती घेण्यासाठी लोकलेखा समिती आहे. शस्त्रागार भरलेले आहे, पण त्यातील शस्त्रे पारजणारे हात मोजकेच आहेत.

शस्त्र चालवण्यासाठी अभ्यास लागतो. सिंचनाचे उदाहरण बोलके आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालातील आकड्यांवरून असे दिसले, की सुमारे दशकभरात एकूण पिकाखालील क्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. याच काळात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा होती. हा आकडा कोणत्याही गुप्त दस्तऐवजात नव्हता, शासनानेच छापलेल्या पुस्तकात होता. त्यावरून गदारोळ उठला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली. या वादाचा खरा धडा मात्र फार थोड्यांनी घेतला. ‘निर्माण झालेली सिंचन क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘तालुक्यात सिंचन वाढले काय?’ असे मोघम विचारले, तर मंत्री क्षमतेचा आकडा सांगून मोकळा होतो. ‘निम्न तेरणा प्रकल्पाच्या कालव्यांतून गेल्या पाच वर्षांत दरवर्षी प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले आणि त्यावर दरवर्षी किती खर्च झाला?’ असे विचारले, तर निसटायला वाट उरत नाही. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर प्रामाणिक.

पैशाच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी. मूळ अर्थसंकल्पावर निदान चर्चा होते, वृत्तपत्रांत रकाने भरतात. पुरवणी मागण्या मात्र गोंधळात, घाईत संमत होतात. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात तब्बल ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. अनपेक्षित खर्चासाठी असलेली तरतूद नित्याची होऊ लागली, की मूळ अर्थसंकल्पाचे गांभीर्यच ओसरते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवालही अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात. सदस्यांनी ते वाचावेत केव्हा आणि त्यावर प्रश्न विचारावेत केव्हा? याबाबतीत संसदेतील एक पायंडा लातूरकरांना अभिमान वाटावा असा आहे. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, विभागनिहाय स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांची छाननी समितीच्या दालनात, शांतपणे आणि कागदपत्रे समोर ठेवून होऊ लागली. ज्या जिल्ह्याच्या सुपुत्राच्या कारकिर्दीत ही सवय देशाला लागली, त्या जिल्ह्याच्या आमदारांनी ती मुंबई-नागपूरला अंगी बाणवली, तर ते शोभूनच दिसेल.

येथे एक नाजूक मुद्दा येतो. ‘सरकार आपलेच, मंत्री आपलाच, मग प्रश्न कसा विचारायचा?’ हा संकोच सत्ताधारी बाकांवर सर्रास आढळतो. इतिहास याच्या उलट सांगतो. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले, ते प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरले फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जामातही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. त्या प्रश्नाने सरकार पडले नाही, उलट संसदेची प्रतिष्ठा वाढली. आपल्या माणसाला वेळीच विचारलेला प्रश्न त्याला पुढच्या नामुष्कीपासून वाचवतो. घरातील वडीलधारी माणसे मुलाला खर्चाचा हिशेब विचारतात, ते वैरापोटी नव्हे.

विरोधी बाकांवरून हे व्रत कसे चालवावे, याचा वस्तुपाठ रामभाऊ म्हाळगी यांनी घालून दिला. १९५७ मध्ये मावळातून निवडून आलेल्या जनसंघाच्या या आमदारापाशी ना संख्याबळ होते, ना पैसा. होती ती अभ्यासाची चिकाटी. आपण सभागृहात काय केले, याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. प्रश्न विचारणारा स्वतःही उत्तरदायी असला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डिसेंबर २००५ ची घटना आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेतून ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. त्यांत भाजपचे सहा जण होते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हाळगींचा वारसा सांगणाऱ्यांना तर ती घटना अधिकच झोंबायला हवी. सप्टेंबर २०२० मध्ये महामारीचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राचे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत गुंडाळले गेले. दिल्लीत एका पक्षाची सत्ता, मुंबईत दुसऱ्यांची. प्रश्न टाळण्याचा मोह मात्र दोन्हीकडे सारखाच होता.

म्हणून या रोगावरचा उपाय अखेर मतदाराच्याच हाती आहे. आमदार लग्नकार्याला आला की नाही, याची नोंद गावोगाव ठेवली जाते. त्याने अधिवेशनात किती प्रश्न विचारले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. निलंगा, औराद शहाजानी, कासार सिरसी येथील सुशिक्षित कुटुंबांनी आणि कार्यकर्त्यांनी अधिवेशन संपताच एवढेच करावे : आपल्या प्रतिनिधीने विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे मागवावीत, वाचनालयात लावावीत, त्यावर बैठक घ्यावी. रस्ता, कालवा, शाळेची खोली, पीकविम्याची रक्कम यांविषयीची माहिती टिपून पुढील अधिवेशनापूर्वी त्याच्या हाती द्यावी. उत्तम प्रश्न मुंबईत जन्मत नाही. तो बांधावर जन्मतो आणि मुंबईत विचारला जातो.

बांधावरच्या माणसाने हे कष्ट घेतले आणि तरीही सभागृहात त्याचा प्रश्न उमटला नाही, तर पुढील निवडणुकीत दाराशी आलेल्या उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, विधिमंडळाच्याच भाषेत विचारावे : आमच्या गावाचा प्रश्न आपण मांडला, हे खरे आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?