रास्मुसला कोण पसंत करणार?

सुट्ट्या जवळ आल्या की पालकांची ठरलेली विचारणा सुरू होते: मुलांचा आत्मविश्वास वाढवणारं एखादं पुस्तक सुचवा ना. तशा पुस्तकांना बाजारात तोटा नाही. त्यांत एक बुजरा मुलगा असतो, त्याला कोणीतरी शहाणा माणूस भेटतो, भरपूर बोलतो आणि शेवटच्या पानावर मुलगा वक्तृत्व स्पर्धेत पहिला येतो. मी आस्त्रिद लिंडग्रेन यांचा रास्मुस सुचवते. गोष्ट थोडक्यात सांगितली की निम्मे पालक विषय बदलतात.

मूळ स्वीडिश पुस्तक १९५६ सालचं. नऊ वर्षांचा रास्मुस अनाथालयात राहतो. अधूनमधून सधन जोडपी तिथे मूल निवडायला येतात. मुलांना घासूनपुसून समोर उभं केलं जातं आणि पसंत पडते ती कुरळ्या केसांची मुलगी. रास्मुसचे केस सरळ! कांदेपोह्यांचा कार्यक्रम ज्यांनी आतल्या खोलीतून अनुभवला आहे, त्यांना या प्रसंगातला अपमान वेगळा समजवावा लागणार नाही. आणि हे फक्त जुन्या स्वीडनमधलं असंही नाही. आपल्याकडेही दत्तक घेताना बहुतेकांना तान्हं बाळच हवं असतं. आठ-नऊ वर्षांचं मूल संस्थेतच मोठं होतं.

रास्मुस एका रात्री पळून जातो आणि त्याला ऑस्कर भेटतो. ऑस्कर हा अकॉर्डियन वाजवत, दारोदार गात हिंडणारा भटक्या. पुढे दोन चोर, लुटली गेलेली म्हातारी, ऑस्करवर आलेला आळ, पाठलाग असं सगळं आहे आणि ते झकास जमलंय. पण माझा जीव अडकतो तो या दोघांच्या चालण्यात. ऑस्कर रास्मुसला धीट हो म्हणून शिकवत बसत नाही. तो त्याला बरोबर घेतो, एवढंच. दोघं गातात, मिळेल ते खातात, जागा मिळेल तिथे झोपतात. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, हे त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदाच कळतं.

मग त्याचं जुनं स्वप्न खरं होऊ लागतं. एक खाऊन-पिऊन सुखी शेतकरी जोडपं त्याला घ्यायला तयार होतं. तेव्हा रास्मुस ऑस्करला निवडतो. आजवर लोक त्याला निरखून पुढे जात होते, आता पसंती त्याची. आत्मविश्वास म्हणतात तो मला इथे दिसतो, चोर पकडण्यात नाही. (ऑस्करचंही एक लहानसं घर आणि त्यात बायको मार्टिना निघते, ते वाचकाला मिळालेलं बक्षीस.)

लिंडग्रेन यांना मुलाचं हे घराची वाट पाहणं नुसतं बाहेरून ठाऊक नव्हतं. १९२६ साली, एकोणीस वर्षांच्या असताना, लग्नाआधी त्यांना मुलगा झाला. कोपनहेगनमधल्या एका कुटुंबाकडे त्याला सुमारे तीन वर्षं ठेवावं लागलं. रास्मुसची वाट पाहणं इतकं कोरडं, रडगाणं न करता लिहिता आलं, त्यामागे ती वर्षं असावीत असं मला वाटतं. याच पुस्तकासाठी १९५८ साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळालं.

पालकांची हरकत मला कळते. अनोळखी भणंग माणसावर भरवसा ठेवणारा नायक आजच्या मुलाच्या हाती कसा द्यायचा? तर शेजारी बसून वाचा आणि मूल विचारेल त्याचं उत्तर द्या. पण हरकत तेवढ्यावर थांबत नाही. अनाथालय, उपास, गवतात झोपणं हे सगळंच ‘फार उदास’ वाटतं. मग तेच पालक लिंडग्रेन यांचंच ‘पिप्पी’ आनंदाने घेऊन जातात. पिप्पीही नऊ वर्षांचीच. आई वारलेली, बाप समुद्रात बेपत्ता, घरात एकटी राहते. तिच्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. तिच्याकडे पेटीभर सोन्याची नाणी आहेत.