हळू म्हणजे किती?

‘हळू’ या शब्दाइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नसेल. माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप कुठल्याशा ठेकेदाराकडे स्फोटकांची खोकी उतरवायला जाई. कामाआधी काय शिकवले, असे मी विचारले. तो म्हणाला, “हळू उतरवजा म्हने गुरुजी, बस!”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, रसायनशास्त्र मला येत नाही. पण हळू म्हणजे किती, हे विचारायला पदवी लागत नाही.

शास्त्राजवळ याचे उत्तर आहे. चिमूटभर स्फोटक पोलादी ठोकळ्यावर ठेवून त्यावर ठराविक उंचीवरून वजन पाडतात, चिनी मातीच्या पट्टीवर ते घासतात, तापवून पाहतात. किती आघाताने ते पेटते, याचा आकडा निघतो. तो आकडा खोके उचलणाऱ्या हातापर्यंत मात्र पोचत नाही.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर, नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदार होते. त्याआधी ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या कोठारातल्या आगीने जवानांचे आणि अग्निशामकांचे बळी घेतलेच होते.

विद्वान म्हणतील, “परीक्षा तर होतातच!” होतात, पण एकदा झालेली परीक्षा कायमची पुरत नाही. मी मॅट्रिकला भूमितीत पास झालो होतो. आज तेच प्रमेय फळ्यावर मांडायला सांगाल तर मला घाम फुटेल. दारूचेही तसेच. वर्षे, उष्णता आणि दमट हवा यांनी तिचा स्वभाव पालटतो. तिला स्थिर राखणारे द्रव्य झिजत जाते. जुन्या प्रमाणपत्रावर माणसाचा जीव टांगणे याला मी सुरक्षितता म्हणत नाही.

आणि अपघातानंतर काय ऐकू येते? “मजुराची चूक.” ज्याला धडाच दिला नाही त्याला नापास ठरवणारा मास्तर तुम्ही एक दिवस तरी नोकरीत ठेवाल काय?

स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आमच्या शेजारी, नागपुरातच आहे. म्हणून मागणे जवळूनच मागतो. जुना माल हलवण्याआधी त्याचा नमुना पुन्हा तपासा. निकाल खोक्यावर मराठीत लिहा. आणि तो वाचून ‘मी उचलणार नाही’ म्हणणाऱ्याची रोजी कापू नका.

एवढे झाले की मग खुशाल म्हणा, “हळू!”