आज कोण आलं नव्हतं?

“सर, पोराला नाटकातून काढा. नववीचं वर्ष आहे.” एक अब्बा शाळेत येऊन आम्हाला सांगत होते. त्यांची काळजी खोटी नव्हती. तालमीमुळे मुलगा मगरिबनंतर घरी पोहोचत होता, गृहपाठ मागे पडत होता.

हा मुलगा उर्दू शाळेतून आमच्या मराठी वर्गात आलेला. वाक्य मनात जुळवेपर्यंत इतरांचा विषय पुढे गेलेला असे. मधल्या सुट्टीत एकटाच डबा खाई. आम्हाला ते दिसत होतं. पण ‘रुळेल हळूहळू’ म्हणून आम्ही सोडून दिलं. ही चूक आमचीच.

स्नेहसंमेलनासाठी आम्ही ‘आग्रा बाजार’मधले काही प्रसंग मराठीत बसवत होतो. हबीब तनवीर यांनी हे नाटक १९५४ साली दिल्लीत जामिया मिल्लियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावची माणसं घेऊन केलं. नाटक शायर नझीर अकबराबादी यांच्यावर. पण नझीर रंगमंचावर एकदाही येत नाहीत. तिथे दिसतात काकडीवाला, लाडूवाला, पतंगवाला. बाजार उभा राहतो तो सगळ्यांनी मिळून.

या मुलाला आम्ही कलिंगडवाला केलं. वाक्यं चारच. एके दिवशी तो तापाने आला नाही आणि फेरीवाल्यांचं भांडण काही रंगेना. “सर, तो नसला की जमत नाही,” पोरं म्हणाली. संध्याकाळी त्यातली दोघं त्याच्या घरी चौकशीला गेली.

हे ऐकून अब्बा थांबले. “म्हणजे ती दोन पोरं नाटकातली होती? आमच्याकडे त्याचे दोस्त पहिल्यांदाच आले.”

मग आम्ही तालीम शाळा सुटल्याबरोबर घेऊन मगरिबच्या आत संपवायचं ठरवलं. गृहपाठही मुलं तिथेच एकत्र करू लागली. अब्बांनी नाव काढलं नाही.

या वयात मूल कुठल्या ना कुठल्या गटात जाणारच. आपण जागा दिली नाही, तर ते नाक्यावर शोधेल, नाहीतर मोबाईलमध्ये. जिथे आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, तिथेच त्याचा जीव रमतो.

म्हणून आई-वडिलांना एक विनंती. मूल तालमीहून आलं की ‘तुझी भूमिका केवढी?’ असं विचारू नका. ‘आज कोण आलं नव्हतं?’ असं विचारा. त्याला नाव सांगता आलं, तर समजा, मूल एकटं नाही. आणि ज्याचं नाव निघेल, त्याच्या घरी त्याला पाठवा.