क्षणाचा हिशेब

बेंगळुरूतील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीपर्यंत १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. चालकाविना धावू शकतील अशाच बांधणीच्या गाड्या तिच्यावर आल्या. यंत्र दमत नाही, हे खरे. पण रेल्वेच्या मालगाड्या आणि मेल-एक्स्प्रेस आजही माणूसच चालवतो, आणि माणूस दमतो.

दिवा दिसल्यापासून बोट हलेपर्यंत ताज्या, सावध माणसालाही सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. निवडीचे पर्याय वाढले की हा वेळ वाढतो, हे हिक यांनी १९५२ साली दाखवले. म्हणून सॉर्टिंगचे खण वाढवून वेग मात्र तोच मागणे अन्यायाचे आहे.

सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हालचाली दारू घेतलेल्या माणसासारख्या मंदावतात, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दिसले. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात १५ मीटर पुढे जाते. तरी सिग्नल ओलांडला गेला की बोट आधी लोको पायलटकडे वळते.

१९७३ च्या लोको कामगारांच्या संपाने दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळवले, ते याचसाठी. विश्रांती ही मेहेरबानी नव्हे; ब्रेकइतकीच ती सुरक्षेची गरज आहे. प्रत्येक चौकशीत आधीच्या ड्यूटीचा आणि विश्रांतीचा तक्ता पहिल्या पानावर जोडावा, ही आमची मागणी आहे. साथींनो, तोवर आपले तास आपल्याच वहीत रोज नोंदवा.