जुना कॅमेरा आणि चढती बोली

बाजारात कोणत्याही वस्तूला तीन भाव असतात. विकणारा सांगतो तो पहिला. घेणारा देतो तो दुसरा. आणि घरी आणल्यावर, दुरुस्ती व वापर धरून ती वस्तू आपल्याला कितीला पडली, तो तिसरा. पहिल्या भावाची चर्चा चहाच्या टपरीवरही होते, तिसऱ्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. आम्ही दिवसभर खतावणी सांभाळणारे कारकून, त्यामुळे आमची नजर आपसूक तिसऱ्या भावाकडे जाते. आज त्याच नजरेने एका वेगळ्या मालाकडे पाहू. तो माल म्हणजे घडीचे जुने फिल्म कॅमेरे आणि मोबाईलवरच्या लिलावात त्यांना लागणाऱ्या बोल्या.

आपल्या वस्तीतल्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. एकीकडे नुकतीच कामाला लागलेली आपली मुले हा माल वाटेल त्या भावाने घ्यायला निघाली आहेत. दुसरीकडे आपल्याच घरातल्या जुन्या ट्रंकांतून तोच माल भंगाराच्या भावाने बाहेर जात आहे. दोन्हीकडे तोटा आपलाच.

ज्यांनी हा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मिटलेला असताना तो जाड डायरीसारखा दिसतो. कळ दाबली की झाकण उघडते आणि भिंग पुढे येते. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये बाजाच्या पेटीला असतो तसा घड्यांचा भाता असतो. कोडॅक कंपनीचा 'व्हेस्ट पॉकेट' कॅमेरा १९१२ साली निघाला आणि पहिल्या महायुद्धात तो अनेक सैनिकांच्या खिशात होता. पुढे जर्मनीत झाईस आयकॉनचा 'इकोंटा', आग्फाचा 'आयसोलेट', फोक्टलेंडरचा 'बेसा' असे किती तरी घडीचे कॅमेरे निघाले. यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांना १२० नंबरचा रोल लागतो. चौकट लहान की मोठी यावर एका रोलमध्ये ८, १२ किंवा १६ फोटो निघतात. सगळ्या कंपन्या मिळून असे कॅमेरे लाखोंनी बनले, हे ध्यानात ठेवा. कारण विकणारा जो तो आपल्या मालावर 'दुर्मिळ' हाच शब्द लिहितो.

आपल्याकडे तर याहून मोठी गंमत आहे. बडोद्याला बनलेला 'आग्फा क्लिक थ्री' हा साधा डब्याचा कॅमेरा एके काळी आपल्या देशात घरोघरी होता. तो घडीचा नाही आणि दुर्मिळ तर मुळीच नाही. तरी त्याच्याही जाहिरातीत 'अँटिक' असे लिहून वर मोठा आकडा टाकलेला आम्ही पाहिला आहे.

मग भाव चढले कशाने? पहिले कारण हौस. मोबाईलवर हजारो फोटो काढून कंटाळलेली तरुण मुले गेल्या काही वर्षांत पुन्हा फिल्मकडे वळली आहेत. दुसरे कारण म्हणजे नवा माल येत नाही. जपानच्या फुजी कंपनीने २००९ साली १२० च्या रोलचा एक नवा घडीचा कॅमेरा काढला होता, तोही पुढे बंद झाला. जुन्यांपैकी चालू स्थितीतले थोडे आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून थोडे. तिसरे कारण वर्तमानपत्रातल्या बातम्या. जून २०२२ मध्ये लायका कंपनीचा एक कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो १०५ क्रमांकाचा कॅमेरा खुद्द लायकाचे जनक ओस्कार बार्नाक यांच्या वापरातला होता, म्हणून तो भाव. पण बातमीतला आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहतो, कारण राहत नाही. मग ज्याच्या माळ्यावर जुना कॅमेरा आहे त्याला वाटते, आपल्या घरात सोन्याची वीट पडून आहे.

संग्राहकाची गोष्ट निराळी. मुंबईचे दिलीश पारेख यांच्याकडे ४,४२५ कॅमेरे असल्याची नोंद २००३ साली गिनीज बुकात झाली. असा माणूस संग्रहातली रिकामी जागा भरायला वस्तू घेतो. ती चालते की नाही याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. इंटरनेटवरच्या एका मोठ्या लिलावाची सुरुवातच अशा एका सौद्याने झाली. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ साली अमेरिकेत 'ईबे' सुरू केले, तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. वस्तू मोडकी आहे हे माहीत आहे ना, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, मी मोडकेच पॉइंटर जमवतो. त्याची फसवणूक झाली नाही, कारण त्याला काय हवे ते त्याला ठाऊक होते. आपल्या मुलांना मात्र फोटो काढायचे असतात आणि ती संग्राहकाच्या भावाने बोली लावतात.

ईबेचे भारतातले दुकान २०१८ साली बंद झाले. पण परदेशातल्या मालावर इथून बोली लावता येते. आणि इथला विकणारा आपल्या जाहिरातीत तिकडचाच आकडा रुपयांत करून टाकतो. त्यात एक मेख आहे. 'मागितलेला' भाव आणि 'विकला गेलेला' भाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. कोणीही आपल्या कॅमेऱ्यासमोर पन्नास हजार लिहावेत, त्याला कोण अडवणार? ज्या ठिकाणी विकल्या गेलेल्या मालाची वेगळी यादी दिसते तिथे ती आधी पाहावी. तोच दुसरा भाव.

आता लिलावाची रीत पाहा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात. व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडून आतला रंग बघतो, मग तोंडातून आकडा काढतो. बैलबाजारात दात पाहिल्याखेरीज कोणी बयाणा देत नाही. मोबाईलवर हातात काय येते? विकणाऱ्याने त्याच्या सोयीने काढलेले चार फोटो. आपण आपला वरचा आकडा टाकून ठेवायचा, दुसऱ्याने बोली लावली की यंत्र आपल्या वतीने पायरी-पायरीने बोली चढवते. दोन हट्टी माणसे भेटली की साध्या मालाचाही भाव दुप्पट होतो. म्हणजे माल कोणाला मिळतो? ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चढा त्याला. शिवाय विकणाऱ्याचाच भाऊ किंवा मित्र गिऱ्हाईक बनून बोली चढवू शकतो. याला नियमाने बंदी आहे, परंतु ते सिद्ध करणार कोण?

आमच्या ओळखीचा एक मुलगा तासवडे एमआयडीसीत फिटर आहे. कामात हुशार, फोटोची आवड. एका जर्मन घडीच्या कॅमेऱ्यावर त्याचा जीव जडला. आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, परवा रात्री लिलाव संपतोय. शेवटच्या मिनिटाला सतरा हजार टाकले की काम झालं. जुन्या पद्धतीनं लग्नाचे फोटो काढून देईन, लोक पैसे देतात."

"सतरा हजार आणणार कुठून?"

"आईच्या बचत गटातून उचलतो. चार महिन्यांत फेडीन."

आम्ही त्याला उपदेश केला नाही, कागद आणि पेन्सिल दिली. बोली १७,०००. परदेशातून यायचा खर्च आणि कस्टम मिळून ६,००० धरले. भाता व शटरची दुरुस्ती ४,०००. झाले २७,०००. मग रोल ८०० चा, धुणे आणि स्कॅन ४००, म्हणजे १२ फोटोंना १,२००, एका फोटोला शंभर रुपये. एका लग्नात दहा रोल लागले तर १२,००० केवळ फिल्मचे, आणि हाती फोटो १२०. आकडे अंदाजाचे होते, ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावेत. पण तिसरा भाव मांडायची रीत हीच. मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत बसला. मग आपल्या पगारातून झेपेल एवढीच, सहा हजारांची बोली त्याने टाकली आणि गटाच्या पैशाला हात लावला नाही. कॅमेरा एकवीस हजारांवर गेला. तीन आठवड्यांनी तोच कॅमेरा, कोपऱ्यावरचा तोच ओरखडा, पुन्हा लिलावात हजर! घेणाऱ्याने पैसे भरले नसतील, किंवा घेणारा मुळात विकणाऱ्याच्याच घरचा असेल. वाचकांनी काय ते समजावे.

ज्यांना तरीही घ्यायचा आहे त्यांनी हे पाहावे. शक्य तर कॅमेरा हातात घेऊनच घ्यावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात फेरी मारली तर निदान माल हाताळता तरी येतो. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटी बॅटरी लावावी. घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदण्यांसारखे ठिपके दिसले की भात्याला भोके आहेत आणि फोटोवर पांढरे डाग पडणार. भिंग उजेडासमोर धरावे, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. शटर एक सेकंदावर लावून ऐकावे, जुने ग्रीस वाळले असेल तर ते अडकते. भिंगाचे कडे फिरते का पाहावे; आयसोलेटमध्ये ते घट्ट बसलेले फार आढळते. रोलचा नंबर विचारावा. कोडॅकच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ६२० चा रोल लागतो, तो कोडॅकने १९९५ साली बंद केला. १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळून काम भागते, पण तो खटाटोप आहे. 'अनटेस्टेड' असे लिहिले असेल तर 'बंद' असेच वाचावे. आणि आपण विकणारे असू तर एक गोष्ट कधी विसरू नये. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो चोर. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. नदीकाठच्या वस्तीत एक मावशी आहेत, वय ऐंशीच्या घरात. त्यांचे यजमान साठ-सत्तरच्या दशकांत सायकलवर फिरून फोटो काढत. लग्न, बारसे, शाळेचा वर्ग, जयंतीची मिरवणूक, सगळीकडे हा माणूस आपला घडीचा कॅमेरा घेऊन हजर. ज्या घरांना स्टुडिओची पायरी चढणे परवडत नव्हते, त्या घरांत भिंतीवर लागलेला पहिला फोटो बहुधा त्यांच्या हातचा. गेल्या वर्षी जुने सामान घेणारा एक जण आला आणि चारशे रुपये देऊन कॅमेरा घेऊन गेला. सोबत पत्र्याचा एक डबा होता. तो त्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "याला कोण विचारतंय?"

डब्यात निगेटिव्ह होत्या. मावशींना आम्ही कॅमेऱ्याचा बाजारभाव सांगितला तेव्हा त्यांना वाईट वाटले. पण डबा राहिला हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग माणसं तर घरातच राहिली की."

२०१९ च्या पुरात त्या डब्याला ओल लागली होती. काही निगेटिव्ह एकमेकींना चिकटून गेल्या, त्या सुटल्या नाहीत. बाकीच्यांचे काम त्याच फिटर मुलाने अंगावर घेतले. खोलीत अंधार करायचा, एका मोबाईलचा पडदा पूर्ण पांढरा उजळायचा, त्यावर काचेचा तुकडा थोडा उंच धरून निगेटिव्ह ठेवायची, वरून दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्यायचा आणि काळ्याचे पांढरे करायचे. खर्च जवळजवळ नाही. घडीच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह दोन इंचांहून मोठी असते, त्यामुळे मिरवणुकीतल्या मागच्या रांगेतले चेहरेही ओळखू येतात. दर रविवारी मावशी नावे सांगतात, मुलगा लिहून घेतो. अमक्याची आई, तमक्याचा थोरला चुलता. काही घरांना आपल्या आजोबांचे तरुणपणीचे तोंड पहिल्यांदाच पाहायला मिळाले. या फोटोंना कुठल्याही लिलावात बोली लागणार नाही.

तेव्हा घरात जुना कॅमेरा असेल तर तो देण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. विकायला हरकत नाही, गरज असते तेव्हा वस्तू विकावी लागते. पण डबा, पाकिटे, निगेटिव्ह, आल्बम वेगळे काढून ठेवा, ते सौद्यात घालू नका. निगेटिव्हला आंबूस वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे, तिचे काम आधी करा. साध्या कोरड्या कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पाकिटावर पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा. आणि हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. कॅमेरा पैसे दिले तर पुन्हा मिळेल. नावे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.