टिरेटा बाजारची पंगत उठण्याआधी

नागपूरमार्गे जाणारी मुंबई मेल वेळेवर असली तर हावड्याला भल्या पहाटे पोचते. हॉटेलची खोली मिळायला दुपार व्हायची असते, म्हणून मराठी प्रवासी मातीच्या भांड्यातला चहा पितो, बॅगेवर बसून राहतो आणि कालीघाटला कसं जायचं याची चौकशी करतो. कालीमाता कुठे जात नाही. तुम्ही आधी टॅक्सी करा आणि ‘पोद्दार कोर्ट’ म्हणा. हावडा पूल ओलांडला की त्या वेळी रस्ता मोकळा असतो, थोड्याच वेळात लालबाजारच्या पोलीस मुख्यालयामागे उतराल. तिथे रस्त्याच्या कडेला ॲल्युमिनियमचे थर लावलेले डबे दिसतील. झाकण उघडलं की वाफेचा लोट.

हा टिरेटा बाजार. एदुआर्दो तिरेत्ता नावाच्या व्हेनिसच्या माणसाचं हे नाव. हा कासानोव्हाचा मित्र होता, त्यामुळे त्याचे बाकीचे उद्योग विचारू नका. इथे पहाटे साडेपाचच्या सुमारास चिनी न्याहारी मांडली जाते. सारण भरून उकडलेले पांढरे बाव, शुमाई, माशाच्या गोळ्यांचं सूप, डुकराच्या मांसाचे सॉसेज, पानात बांधून शिजवलेला चिकट भात. तो भात सोडताना मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. उकड काढणाऱ्या, मोदकाची पारी नाजूक वळणाऱ्या आपल्या बायकांना शुमाई समजावून सांगावी लागणार नाही. त्या एका नजरेत तिची पारी जाड झाली की पातळ ते सांगतील. आठ वाजेपर्यंत हा बाजार उठतो. रोज उठतो, त्याचं काही नाही. तो एक दिवस कायमचा उठेल, अशी चिन्हं आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

‘आम्हाला काय त्याचं?’ असं विचाराल, तर आपल्या नाक्यावर उभ्या असलेल्या चायनीजच्या गाडीकडे बघा. ट्रिपल राईस, मंचाव सूप, चायनीज भेळ, वडापावापर्यंत पोचलेली शेजवान चटणी. या साऱ्या गोतावळ्यातला सगळ्यात नामवंत पदार्थ, मंचुरियन, हावड्याच्या बाजूनंच मुंबईत आला. नेल्सन वँग 1950 साली कोलकात्यात एका चिनी कुटुंबात जन्मले. सत्तरच्या दशकात मुंबईला आले तेव्हा खिशात 27 रुपये होते, असं सांगतात. 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना एका गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं. वँग यांनी चिकनचे तुकडे पिठात घोळून तळले, आलं-लसूण-हिरवी मिरची तेलावर परतली आणि जिथे आपला आचारी गरम मसाला टाकेल, तिथे सोया सॉस टाकला. वर कॉर्नफ्लोअर. पुढे 1983 मध्ये त्यांनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ काढलं. एका आचाऱ्यानं दोन स्वयंपाकघरांचा संसार एका कढईत लावून दिला आणि आपण तो पदार्थ इतका आपला केला, की त्याचं माहेर कुठलं हे विचारायचंच राहून गेलं.

माहेर फार जुनं आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी हुगळीकाठी आला, जमीन मिळवली, साखर कारखाना काढला. बजबजजवळच्या त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. नदीकाठी त्याची लाल रंगाची कबर आहे आणि चिनी नववर्षाला कोलकात्याची चिनी मंडळी तिथे जातात. त्याच्यामागून आलेल्या कँटनच्या लोकांनी सुतारकाम धरलं, हुपेचे लोक दंतवैद्य झाले, हक्का लोकांनी चामडं आणि जोडे. हक्का या शब्दाचा अर्थच पाहुणे. गाडीवर ‘एक हक्का नूडल्स’ म्हणून ओरडताना आपण एका समाजाचं नाव घेतो, हे कुणाच्या ध्यानी असतं?

पाहुण्यांशी आपण बरे वागलो नाही, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. 1962 च्या युद्धात सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. त्यात भारतात जन्मलेली पोरंबाळंही होती. सुटून आल्यावर कित्येकांची दुकानं, घरं गेलेली होती. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले, टोरांटोत तर कोलकात्याच्या हक्का लोकांची उपाहारगृहंच उभी राहिली. कोलकात्यातल्याच टांग्रा भागातल्या हक्का लोकांच्या चामड्याच्या कारखान्यांना 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हलावं लागलं. कोलकात्यात एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता जेमतेम दोन हजारांचा उरला आहे, असं म्हणतात.

टांग्रा टिकेल. तिथे दिवे आहेत, मोठी उपाहारगृहं आहेत, नूडल्सचा प्रसाद मिळणारं कालीमंदिर आहे, गर्दी आहे. टिरेटाचं तसं नाही. तिथे मिळतं ते घरचं खाणं, आजीच्या हातचं, कुठे लिहून न ठेवलेलं. ते करणारे हात म्हातारे झाले आणि पोरं परदेशी गेली. काही डब्यांमागे आता बंगाली, बिहारी विक्रेते उभे असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पुरणपोळी विकणारा सोलापूरचाच असावा असं कुठे आहे? पण शिकवणारं माणूस आहे तोवरच शिकणाऱ्याला अर्थ. काही वर्षांपूर्वी वारसा जपणाऱ्या मंडळींनी या भागासाठी ‘चा प्रोजेक्ट’ नावाचा आराखडा केला होता. बाजार मात्र अजून रस्त्यावरच भरतो.

मुंबईत आपण ही संधी घालवली. कामाठीपुऱ्याजवळ शुक्लाजी स्ट्रीटला चिनी वस्ती होती, आज तिची खूण सापडत नाही. माझगावात नवाब टँक रोडवरचं 1919 चं सी यूप मंदिर तेवढं उरलं आहे. बघून या, जिना चढायला पाच मिनिटं लागतात.

आता मागणं. कोलकात्यातल्या मराठी मंडळींनो, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात तुम्ही जमता, तेव्हा एखाद्या रविवारची न्याहारी टिरेटाला ठरवा. रविवारी बाजार मोठा असतो. पश्चिम बंगाल हेरिटेज कमिशनला आणि कोलकाता महानगरपालिकेला पत्रं लिहा: पाण्याचा नळ द्या, कचरा उचला, सकाळचे ते अडीच तास या विक्रेत्यांना हक्कानं बसू द्या. सगळे मिळून लिहाल तर टपाल वाचलं जाईल. बर्गी, म्हणजे बंगालवर चालून येणारे मराठे स्वार, म्हणून बंगालात आपलं नाव अंगाईत पोरांना झोपवण्यापुरतं उरलं आहे. एखाद्या चांगल्या कामासाठीही ते निघालं तर बिघडणार नाही.

हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलामुलींनो, इटालियन सॉस शिकून झाले असतील तर महिनाभर इकडे या. कुणाच्या हाताखाली बसायला मिळालं तर शिकवणीचे पैसे द्या, विचारून कृती लिहून घ्या आणि त्या कृतीवर त्या बाईंचं नाव घाला. आपल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकावर कमलाबाई ओगल्यांचं नाव आहे, म्हणून ते घराघरांत आहे.

आणि हावड्याला उतरणाऱ्या बाकीच्यांनी एवढंच करावं: आधी खा, पैसे द्या, मग विचारून फोटो काढा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. सातनंतर गेलात तर डबे रिकामे झालेले असतील.