खाकी अंगावर घालण्याआधी

सुर्ला, वेळगे, कुडणे आणि साखळीच्या आसपासच्या शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी थोडं बोलायचं आहे. विषय एन.सी.सी.चा. ज्या शाळेत तिचं पथक आहे, तिथे वर्गात एक दिवस विचारणा होते आणि भराभर हात वर जातात. कुणाचा मामा बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीत असतो, कुणाला सव्वीस जानेवारीचं संचलन आवडलेलं असतं, कुणी शेजारच्याने हात वर केला म्हणून करतो. कारण कुठलंही चालेल. पण आत शिरल्यावर काय वाट्याला येणार, हे समजून हात वर केलात तर दोन वर्षं टिकाल.

आधी आईच्या मनातली भीती. मुलाला पुढे सैन्यात ओढून नेतील का? नाही. एन.सी.सी. १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि कॅडेटवर सैन्यात जाण्याची कसलीही सक्ती नाही. २०२० साली करोनाच्या काळात कॅडेटना मदतकार्याला बोलावलं, तेव्हासुद्धा अठरा वर्षांवरचे, कॉलेजातले आणि स्वतःहून तयार असलेलेच घेतले होते. शाळकरी मुलांना नव्हे.

वडिलांची अपेक्षा वेगळी असते आणि तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. आपल्या भागात खाणी २०१२ साली थांबल्या, कशाबशा सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. ज्या घराने हे सोसलं, त्या घराला पोराच्या पक्क्या नोकरीची ओढ असणारच. म्हणूनच स्पष्ट सांगतो: शाळेत मिळणारं ए सर्टिफिकेट नोकरी देत नाही. ते पहिली पायरी आहे. अग्निवीर भरतीत एन.सी.सी.च्या प्रमाणपत्रांना जादा गुण मिळतात, पण धावणं, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा कुणाला चुकत नाही. खरा उपयोग कॉलेजातल्या सी सर्टिफिकेटचा. ते किमान बी श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर लष्करात अधिकारी होण्यासाठी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. त्यात लेखी परीक्षा नसते, निवड झालेल्यांना थेट एस.एस.बी.च्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावतात. हा रस्ता आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना माहीत आहे. तो तेराव्या वर्षी सुरू होतो आणि पदवीपर्यंत चालतो, हे ध्यानात ठेवा.

काहीजण एन.सी.सी. आणि सैनिक शाळा यांत गल्लत करतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासूनची, निवासी, सहावीला किंवा नववीला प्रवेश परीक्षा देऊन जायची. एन.सी.सी. आपल्याच शाळेत, घरी राहून. ज्युनिअर डिव्हिजन मुलांसाठी, ज्युनिअर विंग मुलींसाठी, दोन वर्षांची.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीचे कित्येक दिवस फक्त कवायत. सावधान, विश्राम, दहिने मूड, पीछे मूड. कंटाळा येईल. डावा पाय आणि डावा हात एकदम पुढे येतील, मागचा हसेल. येऊ दे. दोन-तीन आठवड्यांनी पाय आपोआप जुळतात. परेडला उपाशी पोटी कधीही जाऊ नका. पेज पिऊन जा, नाही तर भाजी-पाव खाऊन जा, पण खा. उन्हात सावधानमध्ये उभं राहून पोरं चक्कर येऊन पडतात ती बहुधा रिकाम्या पोटी आलेली आणि गुडघे आवळून उभी राहिलेली असतात. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवत राहा. बाहेरून कुणाला दिसत नाही, रक्त मात्र खेळतं राहतं.

गणवेशाचं काम तुमचं, आईचं नव्हे. हे मी पालकांनाही बजावून सांगतो. बुटाला पॉलिश, पट्ट्याच्या पितळेला ब्रासो, शर्टाला कडक इस्त्री, बेरे टोपी ओली करून डोक्यावर नीट बसवलेली. पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते, म्हणून बूट वर्तमानपत्र कोंबून हवेशीर जागी ठेवायचे. आठवीतला मुलगा रविवारी रात्री ओट्यावर बसून स्वतःचे बूट घासतो, तेव्हा त्या घरात काहीतरी बदललेलं असतं.

फायरिंगची सगळ्यांना घाई. बंदूक मिळते ती पॉइंट टू टू रायफल, आणि गोळी हातात येण्याआधी तिचे भाग, तिची पकड, तिची सुरक्षितता पाठ करावी लागते. मग पोटावर आडवं व्हायचं, दस्ता खांद्यात घट्ट घ्यायचा, श्वास अर्धा सोडून धरायचा आणि घोडा ओढायचा नाही, हळूहळू दाबायचा. नंतर कागद मोजतात. मधोमध लागलं का, हे नंतर; आधी सगळ्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते बघतात. त्याला ग्रुपिंग म्हणतात. चित्त ठिकाणावर नसलं की ग्रुप पसरतो.

पण या दोन वर्षांत सर्वांत मोलाचं काही असेल तर शिबिर. वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचं. पहाटे उठणं, पी.टी., कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, संध्याकाळी खेळ, रात्री गाणी-नाच. रांगेत उभं राहून जेवण, आपलं ताट आपणच घासायचं, रोज हुमण मिळणार नाही. मोबाईलवर बंधन. शेजारच्या गादीवर काणकोणचा किंवा मडगावचा अनोळखी मुलगा. पहिल्या दोन रात्री रडू येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि घरच्यांनी लगेच आणायला धावू नये. शिबिर केल्याशिवाय आणि तीन-चतुर्थांश हजेरी भरल्याशिवाय सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा चवथीची खरेदी किंवा गावची जत्रा सांगून परेड बुडवण्याची सवय लावू नका.

शिक्षा होते. मैदानाला फेऱ्या, फ्रंट रोल. कॅडेट त्याला रगडा म्हणतात. एवढं चालतं. कुणी हात उगारला, घाण शिवी दिली, वरच्या वर्गाच्या मुलाने स्वतःची कामं करून घेतली, तर ते शिस्तीत बसत नाही. एन.सी.सी. सांभाळणाऱ्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगा, आणि घरी तर सांगाच. दमा, फिट, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. लपवून पोराचा जीव धोक्यात घालू नका.

मुलींच्या आईवडिलांना वेगळं विनवायचं आहे. परेडला पाठवता, शिबिर आलं की अडवता. सोबत कोण शिक्षिका येणार, राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय, हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. पाळीच्या दिवसांसाठी सामान पिशवीत द्या आणि बाईंशी मोकळेपणाने बोलायला सांगा. पण उत्तरं समाधानकारक मिळाली की जाऊ द्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एन.डी.ए.त, २०२२ साली पहिल्यांदा मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. बारावीनंतरचं ते दार आता तुमच्या मुलीलाही उघडं आहे.

जागा ठरावीक असतात, निवड झाली नाही तर नाउमेद होऊ नका. ए सर्टिफिकेट नसलं तरी अकरावीत किंवा कॉलेजात सीनिअर डिव्हिजनला नाव देता येतं. शाळेत पथकच नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मागणी लेखी मांडा. आणि पथक असेल, तर शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा, अर्ज घरी आणा आणि सही करण्याआधी मुलाशेजारी बसून तो पूर्ण वाचा.